र. कृ. जोशी : जाहिरातीच्या कागदावरून संगणकाच्या पडद्यावर

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारी गाडी सुरतेत शिरण्यापूर्वी उधना जंक्शन लागते. येथूनच तापीच्या खोऱ्यातील लोहमार्ग पूर्वेस फुटतो आणि नंदुरबार, अमळनेर करीत जळगावास जाऊन मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खानदेशाला सुरतेशी जोडण्यासाठी हा मार्ग घातला गेला, आणि पुढे याच मार्गाने खानदेशचा माणूस पोटामागे उधन्यास येऊन राहिला. यंत्रमागाच्या खोल्या, साड्यांच्या छपाईचे कारखाने, कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या गाड्या यांच्यात त्याने आपले बिऱ्हाड थाटले. त्याच्या घरात अहिराणी बोलली जाते आणि रस्त्यावर गुजराती व हिंदी. सुरत महानगरपालिकेने इतर माध्यमांबरोबर मराठी माध्यमाच्याही प्राथमिक शाळा चालविल्या, त्यामुळे येथील पुष्कळ मुलांनी शाळेत देवनागरी गिरविली आणि शाळेच्या दाराबाहेर पाऊल टाकताच गुजराती पाट्या वाचावयास घेतल्या.

डोक्यावरची रेघ पुसली की देवनागरीची गुजराती होते, असा नवख्या माणसाचा समज असतो. तो पहिल्या दोन पाट्यांपुरताच टिकतो. अ, ख, च, ज, झ, फ, ब ही अक्षरे गुजरातीत निराळ्याच घाटाने वळतात, आणि शिरोरेघेचा आधार गेल्यावर प्रत्येक अक्षराला स्वतःच्या तोलावर उभे राहावे लागते. दोन्ही लिप्या एका घरच्या आहेत हे खरे, पण दोन बहिणींचे कपडे एकाच मापाने शिवता येत नाहीत.

२००१ नंतरच्या दशकात उधन्यातील एखाद्या कचेरीत नवा संगणक आला असेल आणि त्यावर कोणी गुजरातीत पत्र लिहिले असेल, तर बहुधा जी अक्षरे पडद्यावर उमटली त्या अक्षरमालेचे नाव 'श्रुती'. त्याच संगणकावर मराठी लिहिले असेल तर उमटलेल्या अक्षरमालेचे नाव 'मंगल'. या दोन्ही अक्षरमाला एकाच माणसाच्या दिग्दर्शनाखाली घडल्या. तो माणूस कोल्हापूरचा, आणि त्याच्या उमेदीची पुरी सत्तावीस वर्षे मुंबईच्या जाहिरातसंस्थांत गेलेली. त्याचे नाव रघुनाथ कृष्ण जोशी. कलावंतांच्या वर्तुळात आणि विद्यार्थ्यांत ते र. कृ. जोशी म्हणून ओळखले जात. त्यांच्या अक्षरांतून लाखो माणसांनी अर्ज, पत्रे, निकाल आणि निमंत्रणे वाचली. पण त्यांपैकी फारच थोड्यांच्या कानी हे नाव गेले.

सुरतेचा आणि अक्षरे घडविण्याच्या खटपटीचा संबंध मात्र जोशींच्या कितीतरी आधीचा आहे, आणि तो येथे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची मोठी वखार सुरतेस होती आणि भीमजी पारेख हे तेथील कंपनीचे मातबर दलाल होते. जुनी ब्राह्मणी शास्त्रे छापून निघावीत अशी इच्छा या गृहस्थांस झाली व त्यांनी कंपनीकडे एका मुद्रकाची मागणी केली. कंपनीनेही हेन्री हिल्स नावाचा इसम सालीना पन्नास पौंड पगारावर, छापखाना, खिळे आणि कागद यांसह १६७४ मध्ये हिंदुस्थानात धाडला. आल्यावर उमगले ते असे की, हिल्सला छापता येत होते, पण खिळे पाडता येत नव्हते. इंग्रजी खिळ्यांचा भीमजींस काय उपयोग? तेव्हा त्यांनी आपल्याच माणसांना कामास लावले. या माणसांनी 'बनिया' लिपीत छापलेले कागद पाहून ते चांगले व वाचता येण्याजोगे आहेत, पण काम खर्चाचे आणि फार धिमे आहे, असे सुरतेच्या वखारवाल्यांनी विलायतेस कळविले. पुढे तो उद्योग मावळला. यंत्र समुद्रापलीकडून आणता आले. अक्षराचा घाट जाणणारा हात मात्र पेटीत भरून आणता आला नाही. ही अडचण पुढे सव्वातीनशे वर्षे निरनिराळ्या वेषांत पुनःपुन्हा समोर येणार होती.

भीमजींनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १७९७ मध्ये, गुजराती अक्षरे मुंबईत प्रथम छापून निघाली, आणि तीही कोणत्या ग्रंथात नव्हे. 'बॉम्बे कुरियर' या इंग्रजी वृत्तपत्रातील एका जाहिरातीत! बहेरामजी जीजीभाई छापगर या पारशी गृहस्थांनी ते खिळे पाडले होते. त्यानंतर सुरतेत जन्मलेले फर्दुनजी मर्झबान मुंबईस आले, त्यांनी १८१२ मध्ये छापखाना काढला आणि १८२२ मध्ये 'मुंबई समाचार' सुरू केला. जाहिरात आणि देशी अक्षर यांचे सख्य असे मुळापासूनचे आहे. ग्रंथ पोथीच्या रूपाने पिढ्यानपिढ्या थांबू शकतो, पण व्यापाऱ्याला आपला माल आजच खपवावयाचा असतो, म्हणून तो अक्षर करवून घेतो.

जोशींचा जन्म १९३६ चा, कोल्हापूरचा. चित्रकलेचे शिक्षण मुंबईस सर ज. जी. कलाशाळेत झाले. या कलाशाळेत १९३५ मध्ये व्यापारी चित्रकलेचा स्वतंत्र विभाग निघाला होता, आणि पुढे त्याचीच उपयोजित कलेची वेगळी संस्था झाली. चित्रकाराने तैलचित्रे काढावीत, प्रदर्शने भरवावीत आणि उपाशी राहावे, अशी समजूत ज्या काळात सर्वत्र होती, त्या काळात या विभागाने मध्यमवर्गीय घरांतील मुलांना कुंचल्यावर पोट भरण्याची एक वाट उघडून दिली. १९५६ मध्ये जोशी डी. जे. कीमर या जाहिरातसंस्थेत कलाकार म्हणून लागले. याच संस्थेच्या कलकत्ता कचेरीत १९४३ पासून सत्यजित राय नोकरी करीत होते. त्यांचीही बंगाली अक्षरावर विलक्षण हुकमत होती, आणि पुढे त्यांनी रोमन अक्षरमालाही आखल्या. अक्षराचा ध्यास असलेली दोन माणसे एकाच संस्थेच्या दोन कचेऱ्यांत नांदली, हा योगायोग म्हणावा. परंतु त्याला एक कारणही देता येते.

ते कारण असे. त्या काळात जाहिरातीचा मजकूर बहुधा इंग्रजीत जन्माला येई. इंग्रजी लेखक वाक्य रची, आरेखक कागदावर मांडणी करी, आणि सर्व काही मान्य झाल्यावर मराठी, गुजराती, तामीळ अशा भाषांच्या आवृत्त्या काढण्याचे काम खाली येई. इंग्रजी मथळ्यासाठी शेकडो प्रकारचे खिळे मुंबईत मिळत. देवनागरीसाठी मात्र जाड, मध्यम आणि बारीक अशा मोजक्या वाणांवर भागवावे लागे. निर्णयसागर छापखान्याचे खिळे सुरेख खरे, पण ते पोथ्या आणि पुस्तके यांसाठी घडलेले. साबणाच्या वडीची किंवा सायकलीची महती गाण्यास ते अगदीच सोवळे. म्हणून मथळा हाताने लिहावा लागे. त्यातून मांडणीतील जागा इंग्रजीच्या मापाने राखलेली असावयाची. इंग्रजी ओळ दोन रेघांमध्ये निमूट बसते. 'मूर्तींना' हा एकच शब्द लिहावयाचा झाला तर खाली ऊकार लोंबतो आणि वर वेलांटी, रेफ व अनुस्वार यांची दाटी होते. तेवढ्याच उंचीत तो बसवावयाचा, तर अक्षराचे अंग चेपावे लागते. ते कोठे व किती चेपले असता वाचणाऱ्याच्या डोळ्यास टोचणार नाही, हे ज्ञान त्या काळी कोणत्याही पुस्तकात मिळत नव्हते. ते कुंचला, पांढरा रंग आणि नापसंत होऊन परत आलेले कागद यांतूनच मिळवावे लागे.

जाहिरातसंस्था ही अशा रीतीने देवनागरीची एक तालीमच होती, आणि तिचे धडेही कठोर होते. फलकावरचे अक्षर धावत्या बसमधून वाचता आले पाहिजे, डब्यावरचे अक्षर पत्र्याच्या वळणावर फाटता कामा नये, वर्तमानपत्रातील अक्षर ठशातून उतरून हलक्या कागदावर शाई फुटली तरी उभे राहिले पाहिजे. सुंदर अक्षर काढणारे पुष्कळ असतात. पण ते कोण, कोठून, किती घाईत वाचणार आहे याचा विचार करून अक्षर काढणारा विरळा. ही दुसरी दृष्टी जोशींना व्यवसायाने दिली असे त्यांचे पुढचे काम पाहता म्हणावेसे वाटते.

१९६१ मध्ये बाळ मुंदकूर यांनी मुंबईत 'उल्का' ही जाहिरातसंस्था काढली. त्याच वर्षी जोशी तेथे दाखल झाले आणि १९८३ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, त्यांनी तेथे कलादिग्दर्शन केले. एवढा दीर्घ काळ एका संस्थेत काढणे हे त्या धंद्यात फारसे घडत नाही. मात्र जोशींची ही वर्षे केवळ मालाच्या जाहिराती करण्यात गेली नाहीत. कवितेचा नाद त्यांना होताच, आणि शब्दाचा अर्थ त्याच्या कागदावरील रूपातूनही प्रकटावा असे प्रयोग त्यांनी केले. सर्व भारतीय भाषा एकाच लिपीत लिहिता याव्यात म्हणून 'देशनागरी' नावाची एक योजनाही त्यांनी या काळात आखली. अशा योजना आपल्याकडे पूर्वीही निघाल्या. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या घटविण्यासाठी डोके खपविले, स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'अ'ची बाराखडी मांडली. या सर्व सुधारणांचा रोख बहुतेक करून एकच होता : यंत्र आपल्या जोडाक्षरांना पुरे पडत नाही, सबब जोडाक्षरांनी थोडे नमते घ्यावे. टंकलेखनयंत्र आल्यावर तर अक्षरांचे हातपाय तोडूनच त्यांना कळफलकावर बसविले गेले.

जोशींच्या वाचनाची व संशोधनाची दिशा हळूहळू याच्या उलट होत गेली. ल. श्री. वाकणकर हे रसायनाचे अभियंते, पण लिपीशास्त्राचे गाढे अभ्यासक. त्यांच्या सहवासात जोशींनी शिलालेख, पोथ्या आणि लेखणीच्या टोकाचा तिरपेपणा यांचा मागोवा घेतला. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील प्रचंड ग्रंथही १९७१ मध्ये याच मुंबईत प्रसिद्ध झाला, हे ध्यानी घेतले म्हणजे अक्षरविचाराचे वारे त्या काळी किती जोराने वाहत होते याची कल्पना येते.

१९८३ मध्ये जोशी सत्तेचाळीस वर्षांचे होते. जाहिरातीच्या धंद्यात हे वय मान, पगार आणि मोठी खोली यांचे. या वयात ते 'उल्का' सोडून पवईच्या आय.आय.टी.मध्ये प्राध्यापक म्हणून गेले. तेथील औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ मध्ये निघाले होते, आणि जर्मनीतील उल्म येथे शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी हे त्याचे एक आद्य शिल्पकार. प्रारंभी तेथे यंत्रे, उपकरणे, आसने अशा वस्तूंची रचना शिकविली जाई. दृश्यसंवादाचा अभ्यासक्रम जोशींच्या आगमनानंतर लवकरच सुरू झाला. जाहिरातीतला माणूस अभियंत्यांच्या वस्तीत राहावयास गेला, याचे त्या वेळी अनेकांस नवल वाटले असेल. पण देवनागरीच्या दृष्टीने हा फेरबदल अगदी वेळेवर घडला, कारण संगणक तेव्हा नुकताच दारी येऊन थांबला होता, आणि भीमजी पारेखांच्या वेळचीच गोष्ट पुन्हा घडण्याची चिन्हे दिसत होती. यंत्र आले होते; त्याला आपले अक्षर ठाऊक नव्हते.

येथे थोडे तपशिलात शिरणे भाग आहे. अक्षराचे रूप बोलून दाखविणे अवघड असले तरी ऐकणाऱ्याने चार शब्द डोळ्यांपुढे आणले म्हणजे पुरे : कर्म, क्रम, राष्ट्र आणि दऱ्या. या चारही शब्दांत ध्वनी एकच, र. परंतु पहिल्यात तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रेफ होऊन बसतो, दुसऱ्यात क-च्या पोटाशी तिरपी रेघ होतो, तिसऱ्यात ट-च्या खाली टोपीसारखा लागतो, आणि चौथ्यात आडव्या पडलेल्या अर्धचंद्रासारखा य-ला चिकटतो. हा चौथा र खास मराठीचा. हिंदीला त्याची गरज पडत नाही. मराठीत मात्र त्याच्यावाचून 'आचार्यांना' नमस्कार करावयाचा की 'आचाऱ्यांना' स्वयंपाक सांगावयाचा हे कळणार नाही. ऱ्हस्व वेलांटीची गोष्ट आणखी वेगळी. 'कि' म्हणताना उच्चार क-चा आधी, इ-चा नंतर. लिहिताना वेलांटी आधी दिसते. इंग्रजी अक्षरे शिपायांप्रमाणे एकामागून एक उभी राहतात. आपली अक्षरे मांडवात बसलेल्या वऱ्हाड्यांसारखी. कोण कोणाच्या मागे, कोण कोणाच्या मांडीवर, हे नात्यावर ठरते.

आरंभीच्या काळात यावर जो तोडगा निघाला तो असा की, इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरीचे तुकडे बसवावेत. पुष्कळ मराठी फाँट याच रीतीने चालत. छापखान्याचे काम त्याने भागले. पण एका फाँटात लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हांची रांगोळी दिसे. उधन्याहून धुळ्यास पाठविलेले पत्र धुळ्याच्या संगणकाला वाचता येईलच याची शाश्वती नसे. सरकारने 'इस्की' नावाची प्रमाण संकेतावली ठरविली आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने तिच्याच धर्तीवर देवनागरीला १२८ जागांचा एक पट्टा दिला. त्यात जोडाक्षरांना जागा नाहीत. मुळाक्षरे, स्वरचिन्हे आणि हलन्त यांनाच जागा आहेत. म्हणजे संगणकाने साठवावयाचा तो ध्वनीचा क्रम, आणि दाखवावयाचे ते अक्षराचे रूप. या दोहोंच्या मधला पूल बांधावयाचा राहिला होता.

जोशी १९९६ मध्ये आय.आय.टी.तून निवृत्त झाले आणि त्यानंतर जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे पुढे 'सी-डॅक'मध्ये विलीन झालेल्या संस्थेत, अभिकल्पतज्ज्ञ म्हणून काम करू लागले. निवृत्तीनंतर माणसे आठवणी लिहितात; यांच्या आयुष्यातील सर्वांत दूरवर पोहोचलेले काम साठीनंतर झाले. तेथील एस. पी. मुदूर प्रभृती संगणकशास्त्रज्ञांबरोबर भारतीय लिप्यांची अक्षरजुळणी संगणकाने कशी करावी याविषयी त्यांनी लिहिलेला निबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रकाराने सांगावयाचे, र कोठे कसे वळते; शास्त्रज्ञाने त्याचा नियम करावयाचा; नियम चुकला की चित्रकाराने पुन्हा पडद्यापाशी बसावयाचे. या देवघेवीतून 'रघु' ही अक्षरमाला निघाली, आणि मायक्रोसॉफ्ट कंपनीसाठी जोशींनी सहकाऱ्यांसह आखलेल्या भारतीय लिप्यांच्या अक्षरमालाही निघाल्या. 'विंडोज २०००' बरोबर देवनागरीची 'मंगल' आणि तामीळची 'लता' आली. २००१ च्या 'एक्सपी' बरोबर गुजरातीची 'श्रुती', गुरुमुखीची 'रावी', कन्नडची 'तुंगा' आणि तेलुगूची 'गौतमी' आली, आणि २००४ मध्ये बंगाली व मल्याळम यांचीही सोय झाली. फाँट विकत घ्यावा लागत नाही, संगणकाबरोबरच तो घरी येतो, ही गोष्ट आज क्षुल्लक वाटते. त्या काळी तिने मराठी पत्राला संगणकाचे दार उघडले.

या अक्षरमाला आखताना जाहिरातीच्या कागदावरील जुना पेच नव्या रूपाने उभा राहिला होता. त्या काळच्या पडद्यावर इंचास साधारण ९६ ठिपके असत. बारा पॉइंटाच्या ओळीस उभे सोळाच ठिपके मिळत. त्यांत शिरोरेघ, अक्षराचे अंग, वरच्या मात्रा आणि खालचे उकार मावावयाचे. अर्धा ठिपका असा प्रकार नाही. शिरोरेघ दोन ठिपक्यांच्या मध्ये पडली तर सबंध ओळ धुरकट होई. 'मूर्तींना' हा शब्द पुन्हा समोर आलाच! मात्र एक मोठा फरक होता. जाहिरातीचा चित्रकार एकच मथळा लिहितो, त्याचे शब्द त्याला आधी ठाऊक असतात, आणि नको ती जोडी आलीच तर तो लेखकाकडून शब्द बदलून घेतो. अक्षरमाला आखणाऱ्याला ही मुभा नाही. कोणी, कधी, कोणता शब्द लिहील हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. शोकसंदेश आणि लग्नपत्रिका, न्यायालयाचा निकाल आणि किराण्याची यादी एकाच सोयीने वाचता आली पाहिजे. जाहिरात एका दिवसाची पाहुणी असते. ही अक्षरे म्हणजे घरात कायमची राहावयास आलेली माणसे. म्हणून त्यांनी फार बोलके असून चालत नाही. ज्यांनी जोशींचे सुलेखन पाहिले आहे, त्यांना 'मंगल' रुक्ष वाटते आणि ते रास्तही आहे. परंतु ही रुक्षता हात थकल्याची म्हणता येत नाही; कामाची मागणीच तशी होती.

दोषही सांगितले पाहिजेत. 'मंगल'मधील ल आणि श हिंदी वळणाचे असल्याने मराठी वाचकास ते परके वाटले, आणि ही तक्रार अनाठायी म्हणता येत नाही. मराठी ल-ला दोन पाकळ्या असतात. हिंदी ल दांडीस टेकून उभा राहतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच मराठीची रूपे म्हणून ठरविली. पण शासननिर्णय कागदावर राहतो आणि अक्षर यंत्रातून येते. मराठी मुलांनी वहीत एक ल गिरविला आणि पडद्यावर दुसरा वाचला. भाषा ओळखून त्या भाषेचे रूप पुरविण्याची सोय नव्या फाँटांच्या तंत्रात आहे. तिचा लाभ मराठीस उशिरा आणि अपुरा मिळाला.

दुसरी हानी यापेक्षा खोल आहे. प्रत्येक हाताचे वळण निराळे असावे म्हणून जो माणूस आयुष्यभर झटला, ज्याने विद्यार्थ्यांना लेखणी, झाडू, दोरी, काय मिळेल त्याने अक्षर काढावयास शिकविले, त्याच्याच दिग्दर्शनाखाली घडलेली अक्षरमाला सर्व कचेऱ्यांचा एकसुरी गणवेष झाली. गावोगावच्या रंगाऱ्यांचे काम प्लॅस्टिकच्या छापील फलकांनी घेतले. पूर्वी पाटी रंगविणारा पेंटर दुकानदाराचे नाव शेल्यासारखे झोकदार काढी आणि कोपऱ्यात स्वतःची सही करी. नंतर तेच नाव संगणकात जे अक्षर हाताशी आले त्यात ताणून मोठे केले जाऊ लागले. उधन्यासारख्या वस्तीत, जेथे एकाच पाटीवर दोन-दोन लिप्या लिहाव्या लागतात, हा फरक डोळ्यांत भरतो. दोन्ही लिप्या जाणणाऱ्या पेंटरच्या हाताखाली त्या शेजारी शेजारी एका वजनाने उभ्या राहत. छापील फलकावर गुजराती बारीक आणि देवनागरी जाड, किंवा याच्या उलट, असा विजोड संसार दिसतो. याचा दोष अक्षर आखणाऱ्यावर घालणे अन्यायाचे होईल, कारण 'श्रुती' आणि 'मंगल' वाचण्यासाठी आखल्या होत्या, दहा फुटांच्या फलकासाठी नव्हे. पण पेंटरचे काम गेले ते गेलेच.

जोशी मात्र 'मंगल'पाशी थांबले नाहीत. भारतीय भाषांची संगणकावरील साठवण ध्वनीच्या पायावर अधिक शास्त्रशुद्ध करता येईल, असे प्रतिपादन त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्राग येथील युनिकोड परिषदेत केले. अखेरच्या वर्षांत ते वैदिक संस्कृताच्या मागे लागले होते. वेदपठणातील उदात्त, अनुदात्त, स्वरित आणि शाखाशाखांची निरनिराळी स्वरचिन्हे संगणकात आणावयाची तर प्रत्येक चिन्हाला जागा हवी. त्या चिन्हांची जुळवाजुळव करण्यात त्यांचा वाटा होता. वैदिक चिन्हांचा स्वतंत्र पट्टा युनिकोडमध्ये २००९ मध्ये दाखल झाला. तो पाहावयास जोशी नव्हते. ५ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचा अंत झाला.

त्यांच्या मागून आलेल्यांनी वाटा वेगवेगळ्या धरल्या. काहींनी कुंचला सोडला नाही. सुलेखनाचा प्रसार आयुष्यभर करणारे अच्युत पालव यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. काहींनी संगणकावरच नवी अक्षरे घडविली. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी 'मुक्त', 'बलू' अशा अक्षरमाला आखून त्या सर्वांस विनामूल्य खुल्या केल्या, आणि त्यांत देवनागरीच्या शेजारी गुजरातीचीही रूपे एका वजनाची केली. आता अक्षरांचे जाणकार मोबाइलचे पडदे आणि बँकेचे अर्ज यांच्या रचनेत नोकऱ्या करतात. जाहिरातसंस्थेतून तिकडे जाणे हा रुळलेला मार्ग झाला आहे. १९८३ मध्ये तो मळलेला नव्हता.

२०१२ मध्ये आलेल्या 'विंडोज ८' पासून भारतीय लिप्यांसाठी 'निर्मला' ही नवी अक्षरमाला पुढे आली, आणि २०१५ च्या 'विंडोज १०' मध्ये 'मंगल' व 'श्रुती' यांची रवानगी हवे असल्यास मागून घ्यावयाच्या पुरवणीत झाली. तरी 'मंगल'मध्ये टाइप करा म्हणजे युनिकोडमध्ये टाइप करा, असा अर्थ कचेऱ्यांतून रूढ झाला तो झालाच; टंकलेखनाच्या परीक्षांच्या सूचनांत ते नाव राहिले, आणि उमेदवार ते नाव घोकून परीक्षेस बसत आले. जळगावकडून येणारी गाडी उधन्यास थांबते, तेव्हा उतरणारा माणूस फलाटावर उभा राहून मोबाइलवर घरी दोन ओळी लिहितो की सुखरूप पोहोचलो. त्या ओळींची अक्षरे आता आणखी कोणी आखलेली असतात. 'पोहोचल्यावर'मधला ल त्याच्या शाळेतल्या वहीतला असतो की हिंदी वळणाचा, हे त्याच्या मोबाइलवर अवलंबून असते.